लोबेडवर मशीन बांधायची रीत: चार कोपरे आणि पाचवी साखळी

मे महिना लागला की विदर्भात लोबेडवाल्यांना, म्हणजे ठेंगण्या ट्रेलरवरून मशीन वाहून नेणाऱ्यांना, जेवायलाही फुरसत नसते. नाला खोलीकरण, तलावातला गाळ, शेततळी, पांदण रस्ते, सगळ्यांना मृगाच्या आधी पोकलेन हवी असते. एका गावचं काम आटोपायच्या आतच दुसऱ्या गावचा फोन येतो. या धावपळीत नवा ड्रायव्हर लांब गाडी वळवायला शिकतो, ऑपरेटर रॅम्प चढायला शिकतो. बांधायला मात्र कोणी बसवून शिकवत नाही. एक साखळी पुढून, एक मागून, वरून एक दोर, आणि चला. लोबेडवर नव्याने लागलेल्या ड्रायव्हर-क्लीनरांसाठी हे लिहितो आहे. ज्यांची स्वतःची मशीन भाड्याच्या ट्रेलरवर जाते त्या मालकांनीही वाचावं, कारण सैल बांधलेली मशीन पडली तर नुकसान आधी त्यांचंच होतं.

जड मशीन हलते ती का

"वीस टनाची मशीन हाय, कुठं जाते जी?" हे प्रत्येक साइटवर ऐकू येतं. ट्रेलरला ब्रेक लागतो तेव्हा तो ट्रेलरच्या चाकांना लागतो. वर उभी असलेली मशीन आपल्या वेगात पुढे जायला बघते आणि तिला अडवायला असतं फक्त ट्रेलरचा सपाट बेड आणि मशीनखालचा लोखंडी पट्टा, म्हणजे ट्रॅक, यांच्यातलं घर्षण. वजन दुप्पट झालं की घर्षण दुप्पट होतं हे खरं, पण पुढे जायचा जोरही तितकाच वाढतो. त्यामुळे घसरायच्या बाबतीत दोन टनांची वस्तू आणि वीस टनांची पोकलेन यांत काडीचा फरक नाही. पोकलेन घसरली तर मात्र तिच्या वाटेत तुमची केबिन असते.

आकड्यांत सांगायचं तर युरोप आणि अमेरिकेतले माल बांधायचे नियम असं धरून चालतात, की जोरात ब्रेक मारल्यावर मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढच्या दिशेने येतो आणि वळणावर आडव्या दिशेने ०.५ पट. म्हणजे २० टनांच्या पोकलेनला पुढे १६ टन आणि बाजूला १० टन. आता घर्षण किती मदत करतं ते पाहा. जहाजावर माल बांधायच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत लोखंड आणि लाकूड किंवा लोखंड आणि रबर यांचं घर्षण ०.३ धरतात, कोरड्या लोखंडावर लोखंड असेल तर ०.१, आणि ओल्या लोखंडावर लोखंड असेल तर शून्य. शून्यच. आहे-नाही सारखं समजा, असा त्याचा अर्थ.

आणि आपल्याकडे ट्रॅकला काय लागलेलं असतं? काळी माती. नाल्यातून काढलेली मशीन थेट बेडवर चढवली की ट्रॅकच्या शूमधली चिकट माती लोखंडी पत्र्यावर पसरते. उन्हात तिच्यावर पापुद्रा येतो, खाली ती लोण्यासारखी मऊ राहते. वरून पाहणाऱ्याला मशीन मातीत घट्ट रुतून बसल्यासारखी वाटते. पहिल्या खड्ड्यात ती माती पिळून निघते, मशीन दोन बोटं खाली बसते आणि सकाळी ताणून बांधलेल्या चारही साखळ्या लोंबायला लागतात. विदर्भात साखळी सैल होण्यामागे ती ताणणाऱ्या बाइंडरपेक्षा माती जास्त वेळा असते, असं माझं ठाम मत आहे. म्हणून बांधायचं काम साखळीपासून सुरू होत नाही. ते फावड्यापासून होतं.

साखळी कोणती घ्यायची

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारी साखळी बैल बांधायला किंवा फाटकाला ठीक आहे. मशीनला ती चालत नाही, दिसायला कितीही जाड असो. मशीनसाठी ग्रेड ८० ची मिश्र पोलादाची साखळी लागते. ती ओळखायला कड्या हातात घेऊन फिरवत जा. ठरावीक अंतरावर एखाद्या कडीवर ८ किंवा ८० असा उठावाचा आकडा सापडतो. सोबत धातूचा बिल्ला असतो, त्यावर ती किती जोर झेलते ते लिहिलेलं असतं. आकडाही नाही आणि बिल्लाही नाही, तर तिची ताकद किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तो "वीस टन आरामात" म्हणेल. म्हणू द्या.

बिल्ला वाचताना एक घोळ होतो. ग्रेड ८० ची १० मिलिमीटर साखळी क्रेनने उचलायच्या बिल्ल्यावर ३.१५ टन दाखवते आणि माल बांधायच्या बिल्ल्यावर ६.३ टन. साखळी तीच. ती तुटते साधारण १२.६ टनांना. उचलायच्या कामाला त्याचा चौथा हिस्सा धरतात, कारण टांगलेल्या वजनाखाली माणसं असतात, आणि बांधायच्या कामाला अर्धा. बांधायच्या हिशेबाने ८ मिलिमीटरची ४ टन, १० ची ६.३ टन आणि १३ ची १० टन, हे तीन आकडे पाठ करून ठेवा. बाकीचं गणित त्यांच्यावरच चालतं.

ते गणित एकदा करून बघू. जेसीबी साधारण साडेसात टनांची. ब्रेक मारल्यावर पुढचा जोर ६ टन. लाकडी किंवा रबरी बेडवर घर्षणाचे सव्वादोन टन वजा केले की उरले पावणेचार. हा जोर मागच्या दोन साखळ्यांनी ओढून धरायचा असतो. साखळ्या तिरप्या असल्यामुळे त्यांची पूर्ण ताकद कामी येत नाही, सत्तर टक्के धरा. ८ मिलिमीटरच्या दोन साखळ्या म्हणजे ८ टन, त्याचे सत्तर टक्के साडेपाचच्या वर. भागलं. आता हेच २० टनांच्या पोकलेनला लावा. पुढचा जोर १६, घर्षणाचे ६ गेले, उरले १०. दहा मिलिमीटरच्या दोन साखळ्या सत्तर टक्क्यांनी ८.८ टन देतात. कमी पडलं. तेरा मिलिमीटरच्या दोन १४ टन देतात, म्हणजे पोकलेनला तेरा. बेडवर ओला चिखल असेल तर घर्षणाचे ते ६ टन हिशेबातून उडतात, आणि मग उरलेले १६ टन तेराच्या दोन साखळ्यांनाही झेपत नाहीत. फावडं आधी, हे मी उगाच म्हणत नव्हतो.

वापरातली साखळी दर खेपेला डोळ्याखालून घाला. ताणून लांबट झालेली कडी, चीर, वाकलेला हूक, यांपैकी काहीही दिसलं की ती साखळी बाजूला. कडी घासून दहाव्या हिश्श्याने बारीक झाली तरी बाद. १० मिलिमीटरची कडी असेल तर ९ नंबरचा पाना कडी-कडी घासतात त्या जागी लावून बघा. पाना सरकन बसला की साखळीचं आयुष्य संपलं. तुटलेली कडी गावच्या वेल्डरकडून जोडून घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पोलादाचं पाणी उतरतं आणि जोड बाहेरून छान दिसतो. दोन कड्यांत नट-बोल्ट घालून जोडणं हाही तोच प्रकार. साखळीला गाठ मारून लांबी कमी करणारे तर अजून भेटतात. लांबी कमी करायला वेगळा आखूड हूक मिळतो, तो घ्या.

साखळी ताणायला रॅचेटचा बाइंडर घ्या. हँडल एका झटक्यात पाडून बसवायचा लिव्हरवाला स्वस्त पडतो, पण त्यात साखळीचा सगळा ताण हँडलमध्ये साठतो आणि सोडताना ते हनुवटीवर येतं. त्यावर पाइप घालून जोर लावणाऱ्यांचे दात गेलेले आहेत. रॅचेट आट्यांवर चालतो, हळूहळू ताणतो आणि हळूहळू सोडतो. बाइंडरचीही ताकद साखळीइतकी हवी. तेरा मिलिमीटरच्या साखळीला आठचा बाइंडर लावला तर साखळीवर घातलेले पैसे पाण्यात.

चढवायच्या आधी

ट्रेलर सपाट आणि कडक जागेवर उभा करा. काळ्या वावरात, तेही पाऊस पडून गेल्यावर, ट्रेलर लावलात तर मशीन रॅम्पवर येताच मागची चाकं एका बाजूला बसतात आणि मशीन तिकडे कलते. शंभर मीटर पुढे डांबरी रस्ता असेल तर मशीन तिथवर चालवत न्या. ट्रॅकने डांबर खरवडतं म्हणून गावकरी ओरडतात. जुने टायर किंवा फळ्या टाकत न्यावी.

ट्रेलरचा हँडब्रेक, चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके, आणि हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, ट्रेलरला सरळ रेषेत. रॅम्पचा चढ १५ अंशांच्या वर नको. बेड जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर रॅम्प जवळजवळ चार मीटर लांब हवा. आपल्याकडे रॅम्पऐवजी कालव्याच्या भरावाला किंवा धुऱ्याला ट्रेलर मागून टेकवून मशीन चढवायची पद्धत आहे. भराव जुना आणि दबलेला असेल तर ते चालतं. काल टाकलेल्या मातीवर अजिबात नको.

मग ट्रॅक साफ करा. ऑपरेटरला सांगून बकेट जमिनीवर दाबून एक बाजू उचलायची, उचललेला ट्रॅक मागे-पुढे फिरवायचा. निम्मी माती अशीच झडते. ट्रॅक फिरत असताना जवळ कोणी जायचं नाही. तो थांबला, इंजिन बंद झालं, मशीन चारही बाजूंनी जमिनीवर टेकली, की उरलेली माती फावडं आणि सळईने काढा. बेडही झाडून घ्या. लोखंडी बेड असेल तर खाली बाभळीच्या फळ्या किंवा जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे अंथरा. वणी, घुग्घुस, चंद्रपूरकडे कोळसा खाणींमुळे असा पट्टा भंगारात मिळतो आणि त्याच्याइतकी स्वस्त नि कामाची वस्तू या धंद्यात दुसरी नाही.

रोलरवाल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. गुळगुळीत ड्रम लोखंडी पत्र्यावर ठेवणं म्हणजे घसरण्याची सगळी तयारी करून देणं. ड्रमखाली पट्टा हवाच.

चढवताना

इशारा करणारा माणूस एकच. चार जण चार बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" करायला लागले की ऑपरेटर कोणाचंच ऐकत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. इशारा करणाऱ्याने ऑपरेटरला दिसेल असं पुढच्या बाजूला, ट्रेलरपासून लांब उभं राहायचं. रॅम्पच्या बाजूला किंवा मशीनच्या मागे कोणीही नको. ऑपरेटरने सीटबेल्ट लावायचा, कारण मशीन कलंडताना उडी मारणारा तिच्याच खाली सापडतो.

पोकलेन चढवताना बूम, म्हणजे बकेटचा लांब हात, चढाच्या दिशेने, बकेट बेडपासून जेमतेम वर, वेग सगळ्यात कमी. रॅम्पवर चढल्यावर दिशा बदलायची नाही. वाकडी आली असेल तर खाली उतरून पुन्हा सरळ घ्यायची. रॅम्प संपून बेड सुरू होतो तिथे मशीन क्षणभर तराजूसारखी तोलते आणि धपकन पुढे पडते. त्या जागी ऑपरेटरने जवळजवळ थांबूनच पुढे सरकावं.

मशीन बेडवर कुठे उभी करायची हेही महत्त्वाचं. फार मागे राहिली तर हॉर्सचा मागचा भाग हलका होतो, स्टीअरिंग पोहल्यासारखं वाटतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी ऐकत नाही. फार पुढे गेली तर हॉर्सच्या धुरीवर बोजा येतो. एकाच ट्रेलरवर एकच मशीन नेहमी जात असेल तर योग्य जागा एकदा काट्यावर तपासून बेडच्या कडेला रंगाने खूण करून ठेवा.

जागेवर आल्यावर बकेट आत वळवून बेडवर, लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवायची. वरचा भाग फिरू नये म्हणून स्विंग लॉक लावायचा. जेसीबीचं पुढचं बकेट बेडवर टेकवा, मागच्या बूमचा लॉक आणि तो बाजूला फिरू नये म्हणून असलेली पिन, दोन्ही लावा. रोलर किंवा लोडर मधून वळणारा असतो, त्याचा सांधा पिनने किंवा लॉक-पट्टीने बंद करा. हार्वेस्टरचं पुढचं कटर काढून वेगळं न्यावं. मग पार्किंग ब्रेक, इंजिन बंद, लिव्हर एकदा इकडे-तिकडे हलवून हायड्रॉलिकमधला दाब सोडायचा, चावी काढायची, बॅटरीचा स्विच असेल तर तोही बंद. केबिनचं दार आणि बॉनेट कुलूपबंद. एक्झॉस्टचं तोंड झाका. समोरून वारा शिरून बंद इंजिनचा टर्बो फिरत राहतो आणि तेव्हा त्याला तेल मिळत नसतं. हे सांगितलं की लोक हसतात. टर्बो बदलायचं बिल आल्यावर हसत नाहीत.

बांधताना

कडब्याची गाडी आपण वरून दोर टाकून आवळतो, आणि तीच सवय लोबेडवर येते. मशीन वरून दाबून धरता येत नाही. तिला चारही कोपऱ्यांकडे ओढून धरावं लागतं, म्हणजे ती ज्या दिशेला निघेल त्याच्या उलट दिशेची साखळी तिला रोखते. अमेरिकेतल्या नियमांत ४,५३६ किलो, म्हणजे १०,००० पौंडांपासून पुढच्या मशीनला किमान चार बांध लागतात आणि बकेट-बूमसारखी अवजारं पूर्ण खाली टेकवून वेगळी बांधावी लागतात. म्हणून चार साखळ्या मशीनला आणि पाचवी बूम-बकेटला. पाचवी टाळणारे खूप आहेत, "बूम काय कुठं उडून चालला?" म्हणणारे. हायड्रॉलिकमधून तेल हळूहळू निथळतं, खड्ड्यांनी बकेट ठोकळ्यावरून सरकते आणि घाटातल्या वळणावर बूम बेडच्या बाहेर डोकावतो. पाचवी लावा.

साखळी मशीनला कुठे अडकवायची? कंपनीने बांधायला दिलेली भोकं किंवा कडे खालच्या फ्रेमवर असतात आणि शेजारी बहुतेक वेळा साखळीचं किंवा हुकाचं चित्र चिकटवलेलं असतं. मातीने ते झाकलेलं असतं, पुसून बघा. ट्रॅकच्या शूला, बकेटच्या दाताला, केबिनच्या पायरीला, हायड्रॉलिकच्या सिलिंडरला, मागच्या काउंटरवेटच्या उचलायच्या कड्याला साखळी लावायची नाही. जेसीबीला धुरीवरून घ्यायची वेळ आली तर ब्रेकचा पाइप साखळीखाली येत नाही ना, हे खाली वाकून, हात घालून तपासा.

ट्रेलरच्या बाजूला वेल्ड केलेली डी-कडी असतात. त्यांच्या मुळाशी वेल्डला चीर आहे का बघा. गंजाची बारीक लाल रेघ दिसली तर बहुतेक तिथेच चीर असते. बेडच्या कडेला सळई वाकवून केलेले हूक ताडपत्रीचा दोर बांधायचे. त्यांना साखळी लावली तर ते सरळ होतात, इतक्या सहज की बघवत नाही.

पुढच्या दोन साखळ्या मशीनच्या पुढच्या कोपऱ्यांतून पुढे आणि बाहेर, मागच्या दोन मागे आणि बाहेर. बेडशी त्यांचा कोन ४५ अंशांच्या आत ठेवा. साखळी उभी होत गेली की ती मशीनला नुसती खाली दाबते, धरून ठेवत नाही. पोकलेनचा ट्रॅक बेडच्या रुंदीइतका असेल तर साखळी बाहेर न्यायला जागाच नसते. तेव्हा पुढच्या दोन एकमेकींना फुलीत घ्या, उजव्या कोपऱ्यातली डाव्या कड्याला, डाव्या कोपऱ्यातली उजव्या कड्याला, मागेही तसंच. बाजूचा ओढ त्यातूनच मिळतो. फुलीच्या जागी दोन्ही एकमेकींना घासत नाहीत एवढं बघा.

हूक अडकवताना कडी हुकाच्या पोटात बसली पाहिजे. टोकावर अडकलेला हूक उघडतो. साखळीला पीळ नको. पत्र्याच्या धारेवरून जात असेल तर मध्ये कन्व्हेअर पट्ट्याचा तुकडा घाला.

आधी चारही साखळ्या हाताने ओढून फक्त ढिलाई काढून घ्या. मग पुढची डावी थोडी, मागची उजवी थोडी, पुढची उजवी, मागची डावी, अशी फेरी दोनदा-तीनदा. एकच साखळी आधी पूर्ण ताणली तर मशीन तिच्याकडे सरकते आणि बाकीच्यांचं माप बिघडतं. रॅचेट मारताना कान आणि डोळे साखळीकडे ठेवा. सुरुवातीला ती लोंबत असते, मग कड्या एकेक करून उभ्या-आडव्या जागेवर बसतात आणि मधला झोळ जातो. पुढे हँडल जड होतं, टायरवाली मशीन किंचित खाली बसते. तिथून अर्धा फेरा आणि बस. सळईने ठोकून बघा: ताणलेली साखळी बद्द वाजत नाही, तिचा ठण्ण असा आवाज एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जातो. सैल असली तर कड्या खळखळतात. चारही जवळजवळ एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. बाइंडरचं हँडल तारेने बांधून टाका आणि उरलेलं साखळीचं टोकही, नाहीतर ते चाकाजवळ लोंबतं.

शेवटी ट्रॅकच्या किंवा चाकांच्या पुढे-मागे गुटके. ते बेडला खिळ्यांनी ठोकलेले किंवा आधाराच्या पट्टीला टेकलेले हवेत. नुसता ठेवलेला दगड हा गुटका नसतो. दगड पहिल्या गतिरोधकाला खाली उतरतो, आणि मागून मोटारसायकलवाला येत असतो.

दोर आणि पट्टे? पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा सुटं बकेट, ब्रेकर, डिझेलची टाकी यांना चांगला. मशीनला मुख्य बांध म्हणून नको. पत्र्याची एक धार पुरते.

उंची, रुंदी आणि कागद

बांधून झाल्यावर जमिनीपासून सगळ्यात उंच भागापर्यंत टेप लावून उंची मोजा आणि तो आकडा खडूने केबिनमध्ये लिहून ठेवा. गावाकडच्या रस्त्यावर ११ केव्हीच्या तारा उन्हात लोंबतात, वावरातून जाणाऱ्या तर जास्तच. तारेची उंची बांबूने मोजायला जाऊ नका, त्यात ११,००० व्होल्ट असतात. शंका आली तर महावितरणच्या लाइनमनला बोलवा. थांबल्याचं कोणी विचारत नाही. रेल्वे फाटकाजवळ दोन्ही बाजूंना उंचीची कमान असते. तिच्याखालून मशीन जात नसेल तर परत फिरा, कारण पुढच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत.

रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. २० टनी पोकलेनचा ट्रॅक बहुतेक वेळा २.८ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ती ओडीसी, मापाबाहेरचा माल, ठरते आणि तिची परवानगी आधी काढावी लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड आहे. वजन जास्त भरलं तर २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. दिवसा बाहेर आलेल्या टोकांना लाल फडकी, रात्री लाल दिवे. माझं विचाराल तर गावाकडच्या रस्त्यावर रुंद मशीन रात्री नेऊच नका. बिनादिव्याची बैलगाडी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली अचानक समोर येते आणि बाजूला घ्यायला जागा नसते.

वाटेत

पांदण रस्त्यावरून पक्क्या रस्त्याला लागलात की गाडी बाजूला घ्या आणि चारही साखळ्या पुन्हा ठोकून बघा. पहिल्या पाच-दहा किलोमीटरांत मशीन जागेवर बसते, फळ्या दबतात, राहिलेली माती निघते. ही तपासणी वगळली तर बाकी सगळं नीट केलेलं वाया जातं. अमेरिकेत पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत तपासायचा नियम आहे, पण आपल्या रस्त्यांवर एवढी वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यानंतर चहाला थांबाल तेव्हा, डिझेल भराल तेव्हा, आणि जोरात ब्रेक मारावा लागला तर लगेच.

समृद्धीवर चढणार असाल तर टोलनाक्याच्या आधीच सगळं तपासून घ्या. वर गेल्यावर कडेला उभं राहून साखळी ताणणं जिवावर बेतणारं आहे. रस्ता गुळगुळीत असल्यामुळे चुकीने बांधलेली मशीनही शांत उभी राहते, आणि खाली उतरून गावच्या रस्त्याला लागल्यावर पहिल्या खड्ड्यात खरं काय ते कळतं. घाटाचा हिशेब वेगळा. बुलढाण्याच्या राजूर घाटात किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना वळणांवर जोर सगळा बाजूला येतो आणि चढावर मागच्या दिशेने, म्हणजे पुढच्या साखळ्यांवर. घाट सुरू व्हायच्या आधी त्या दोन पुन्हा ताणा. उतरताना खालचा गिअर घ्या. पायाखालच्या ब्रेकवर भिस्त ठेवून उतरलेला ट्रेलर तळाशी धुरासकट पोचतो.

मशीनवर किंवा तिच्या केबिनमध्ये बसून कोणी प्रवास करायचा नाही. ऑपरेटरलाही पुढे घ्या, दाटीवाटी झाली तरी.

उतरवताना

पोचल्यावर सगळ्यांना घाई असते, सरपंचापासून कंत्राटदारापर्यंत. तरी आधी गाडी सपाट जागेवर, ब्रेक, चाकांना गुटके, आणि मशीन बेडवर सरकलेली किंवा कललेली नाही ना, हे साखळ्या सोडायच्या आधी बघायचं. कललेल्या मशीनला धरून ठेवलेली साखळीच तुम्ही सोडत असाल तर मशीन तुमच्या अंगावर येईल. ताण असलेल्या साखळीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून रॅचेट सोडायचा. आधी बूमची पाचवी, मग चारही कोपरे फेरीनेच, थोडं थोडं. स्विंग लॉक काढल्याशिवाय ऑपरेटरला बूम हलवू देऊ नका, लॉकची पिन वाकते.

साखळ्या धुरळ्यात फेकून ठेवू नका. पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, ट्रेलरच्या खुंटीला टांगा आणि मोजून टांगा, पाच म्हणजे पाच. काळी माती कड्यांच्या आत वाळली की पुढच्या खेपेला घासत राहते. बाइंडरच्या आट्यांना ग्रीस द्या. साखळीला देऊ नका, तिच्यावर माती बसते आणि चिरा दिसत नाहीत.